मेरेसेनीच्या स्वयंपाकघरातलं प्रजासत्ताक

नलूमावशी,

तुझं सगळं उरकलं. पुण्याला आईशी बोलून झालं, फुलं आणि डबे घेऊन येणारी माणसं यायची थांबली, आणि मग मला भीती वाटायला लागली. दुःख होईल याची तयारी होती. भीतीची नव्हती. पोरिरुआच्या खाडीवरून रेस्क्यूचं हेलिकॉप्टर गेलं की नळाखालचा माझा हात तसाच थांबतो, ते पार लांब जाईपर्यंत मी भांडं विसळत नाही. सारखी बातम्या उघडून बघते. बातम्यांत काही नसतं. रग्बी असते, वेलिंग्टनचा वारा असतो, घरांच्या किमती असतात. काही नसतं म्हणून जास्तच धास्ती वाटते.

ही भीती माझी नाही, तुझी आहे. तुझी नारायणपेठ साडी मी आईसाठी बाजूला काढली, तांब्याचा गडू माझ्या लेकीने, इराने मागून घेतला. ही मात्र कुणी न विचारता माझ्याकडे आली.

मी शिकायला म्हणून इथे आले तेव्हा पहिलं वर्षभर तुझ्याकडे राहिले. तुझ्या बोळकंडीत पाण्याचे कॅन ओळीने मांडलेले होते. दाराजवळ एक बॅग, तिच्यात तुझे आणि काकांचे पासपोर्ट, औषधं, एक एक कपड्यांचा जोड. "भूकंप," तू म्हणालीस. इथे सगळेच भूकंपासाठी पाणी साठवतात, त्यामुळे तुझे कॅन कुणाच्या डोळ्यांवर आले नाहीत. गाडीची टाकी तू कधी अर्ध्याखाली जाऊ दिली नाहीस. आणि घरात रेडिओ नव्हता. टीव्ही होता, पुढे आयपॅड आला, पण रेडिओ नाही. एकदा तुझ्या वाढदिवसाला मी छोटासा रेडिओ आणला. तू थँक यू म्हणालीस, माझ्या गालावरून हात फिरवलास आणि दुसऱ्या दिवशी तो ऑप शॉपला, जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन आलीस. मला राग आला होता. तू म्हणालीस, "स्वयंपाक करताना मला आवाज नको असतो गं." आणि लगेच आयपॅडवर किशोरी लावलीस, मोठ्या आवाजात!

काका असेपर्यंत तुम्ही दोघं सुवाबद्दल बोलायचा नाहीत. फिजीत आठ-दहा वर्षं राहिलेली माणसं, पण घरात तिथला एक फोटो नाही. मला एवढंच माहीत होतं की काका तिथे पाणीपुरवठ्यात इंजिनियर होते, तू मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायचीस, आणि सत्त्याऐंशी साली तिथे सैन्याने सरकार उलथवलं तेव्हा तुम्ही निघालात.

आणि तरी तुझा आवडता विषय कुठला, तर नवे देश. स्वतंत्र झालेल्या देशांनी आपलं पहिलं सरकार कसं उभं केलं, राजा किंवा राणी गेल्यावर पहिल्या सकाळी काय झालं. पोळ्या लाटताना तू हे सांगायचीस. ब्रह्मदेशात स्वातंत्र्य यायच्या आधीच होणारे मंत्री बैठकीत गोळ्या घालून मारले. पाकिस्तानने प्रजासत्ताकाची पहिली घटना करायला इतकी वर्षं घेतली आणि ती तीन वर्षंसुद्धा टिकली नाही. घानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष परदेशात गेला आणि मागे त्याच्या खुर्चीखालची जमीनच काढून घेतली. मी म्हणायचे, मावशी, जेवताना तरी नको. तू म्हणायचीस, "अगं, मग आपल्याकडचं ऐक. ते जेवताना चालेल." आणि मग तुझा चेहरा बदलायचा. स्वातंत्र्य मिळाल्यावरही कागदोपत्री राजा तोच होता, गव्हर्नर जनरल होता, आणि एका सभागृहात शेकडो माणसं जवळजवळ तीन वर्षं एकेका शब्दावरून भांडत होती. कंटाळा येईपर्यंत. "आधी भांडून घेतलं," तू म्हणायचीस, "खुर्ची नंतर मांडली. म्हणून तर सव्वीस जानेवारीला काहीच झालं नाही. कचेऱ्यांत तेच कारकून आले, टपाल वाटलं गेलं. काहीच होत नाही ना, ते सगळ्यात अवघड असतं."

त्या दिवशी तू दुसरीत की तिसरीत होतीस. प्रभातफेरी, शाळेत वाटलेली जिलेबी आणि तुझ्या फ्रॉकवर सांडलेला पाक. आजोबांनी तुला खांद्यावर घेऊन सांगितलं होतं, आजपासून आपल्यावर कुणी राजा नाही. तुला वाटलं होतं राजा आदल्या रात्री पळून गेला. हे सांगून तू दर वेळी तितकंच हसायचीस.

सुवाची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस. काही वर्षांपूर्वी, वेलिंग्टनला पार्लमेंटसमोरच्या हिरवळीवर लसीच्या सक्तीविरुद्ध लोक तंबू ठोकून बसले होते तेव्हा. काका नुकतेच गेले होते. माझं ऑफिस तिथून चालत पाच मिनिटांवर. बहुतेक जण घरून काम करत होते, पण आमचे सर्व्हर हलवायचे होते म्हणून मला जावं लागत होतं. तू रोज फोन करायचीस. पोचलीस का, निघालीस का, कुठल्या बाजूने आलीस. मी वैतागून म्हटलं होतं, "मावशी, हे न्यूझीलंड आहे. इथे काही होत नाही." तू फोन ठेवलास.

मग एक दिवस दुपारी खालून रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला, तुझी आंटी आली आहे. मी धावत खाली गेले. तू उभी होतीस, मास्क हनुवटीवर घसरलेला, ओठ पांढरे पडलेले. तुझ्याशेजारी गमबूट घातलेला एक उंचापुरा माओरी माणूस, त्याच्या हातात तुझी कापडी पिशवी. तो तंबूवाल्यांपैकीच होता. तू स्टेशनवरून चुकीच्या बाजूला वळलीस आणि नेमकी त्या गर्दीत शिरलीस. त्याने तुला थरथरताना पाहिलं आणि आजीला करावा तसा माओरीत नमस्कार करून विचारलं, "किया ओरा नॅन, यू ऑल राइट?" तू त्याला माझ्या ऑफिसचं नाव सांगितलंस. तो तुला हाताला धरून घेऊन आला.

मी त्याचे आभार मानले. तो "नो वरीज" म्हणून गेला. तू माझं मनगट पकडलंस.

"चल. घरी चल. आत्ता."

"मावशी, माझी मीटिंग चालू आहे."

"मीटिंग त्यांचीही चालू होती."

"कुणाची?"

"पार्लमेंटची. सुवाला."

मी लॅपटॉप तसाच टाकून आले. ट्रेनमध्ये डबा जवळजवळ रिकामा होता. बोगदा संपून उजेड आला तेव्हा तू बोलायला लागलीस, खिडकीबाहेर बघत, वर्गात शिकवत असल्यासारखी.

निवडून आलेलं नवं सरकार, ज्यात भारतीय वंशाचे बरेच मंत्री होते, जेमतेम महिन्याभराचं होतं. सैनिक पार्लमेंटच्या चालू बैठकीत शिरले त्या सकाळी तू वर्गात होतीस. शाळा सोडून द्या, असा निरोप आला. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक सैनिक उभा होता, कोवळा, मिशीसुद्धा न फुटलेला. पाऊस भुरभुरत होता. तुझ्या हातात वह्यांचा गठ्ठा, छत्री उघडता येईना. त्याने बंदूक खांद्याला अडकवली, तुझी छत्री उघडून दिली आणि म्हणाला, "गो होम प्लीज, मॅडम." तू म्हणालीस, "तो ओरडला असता तर मी इतकी घाबरले नसते. आज तो माणूस माझी पिशवी घेऊन चालायला लागला, इतका गोड बोलत होता, आणि माझे पाय गेले."

मला तेव्हा म्हणावंसं वाटलं की तो बिचारा फक्त मदत करत होता. तूच म्हणालीस, "मला कळतं गं, हा तो नव्हे. डोक्याला कळतं."

मग काही दिवसांनी बाजारातली भारतीयांची दुकानं फोडली गेली. एक दगड तुमच्या स्वयंपाकघराच्या काचेतून आत आला. काका कामावरून आले नव्हते. कुंपणापलीकडे मेरेसेनी राहायची, मूळनिवासी फिजियन, चार मुलांची आई, नवरा बोटीवर आणि भाऊ सैन्यात. ती जास्वंदीच्या कुंपणातून आत आली, एक शब्द बोलली नाही. शेगडीवर डाळ उकळत होती. तिने फडक्याने ते पातेलं उचललं आणि आपल्या घरी चालू लागली.

"डाळ घेऊन चालली म्हणून मी मागून गेले," तू म्हणालीस, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसलीस. "काका संध्याकाळी आले तेसुद्धा तिकडेच आले. मग किती दिवस राहिलो, विचारू नकोस."

मेरेसेनीच्या स्वयंपाकघरात फळीवर रेडिओ होता. तुम्ही दोघं खाली चटईवर, खिडकीच्या पातळीच्या खाली. रेडिओवर सैन्याची निवेदनं यायची, आणि मेरेसेनी टाळ्या वाजवायची. उभं राहून, उघड्या खिडकीजवळ. मुलंही वाजवायची. टाळ्या संपल्या की ती वळायची आणि तुमच्या ताटात उकडलेला कसावा, आपला साबुदाण्याचा कंद, वाढायची, नारळाचं दूध घालून, आधी काकांना, मग तुला, मग मुलांना.

"मला तिचा राग करता येईना आणि आभारही मानता येईनात," तू म्हणालीस. "रोज वाटायचं, उद्या ही टाळ्या वाजवून झाल्यावर दार उघडेल आणि कुणाला तरी हाक मारेल. ती वाढायची आणि मी तिच्या हातांकडे बघायचे."

तुम्ही मधे घरी परतलात. त्याच वर्षी पुन्हा सैनिक रस्त्यावर आले, पुन्हा ती तुम्हाला घेऊन गेली. आणि त्या खेपेला रेडिओने सांगितलं की इंग्लंडच्या राणीचं राज्य संपलं, फिजी आता प्रजासत्ताक आहे.

"तोच शब्द, केतू," तू म्हणालीस. "रिपब्लिक. मी आयुष्यभर मुलींना शिकवलेला शब्द. माझ्यासाठी तो जिलेबीचा होता. आणि मी चटईवर पोटाशी पाय घेऊन बसले होते, आणि वर मेरेसेनी टाळ्या वाजवत होती, इतक्या जोरात की फळीवरचे कप हलले."

पुढे जे गव्हर्नर जनरल होते तेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. सैन्याचा हुकूम निघाला, रविवार फक्त चर्चचा: बस बंद, काम बंद, नदीकाठी सहल काढायचीसुद्धा भीती. तुम्हाला न्यूझीलंडचा व्हिसा मिळाला. निघायच्या दिवशी मेरेसेनीने तुला मिठी मारली.

"मी हात खालीच ठेवले," तू म्हणालीस. गाडी पोरिरुआला आली होती. आपण उतरलो आणि तू परत त्याबद्दल बोलली नाहीस.

नाही, एकदा बोललीस, पण नाव न घेता. इराच्या शाळेत वादविवाद होता: न्यूझीलंडने प्रजासत्ताक व्हावं का. इरा बाजूने बोलणार होती. रविवारी तू जेवायला आली होतीस. आपलं ते शेवटचं जेवण, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी कोथिंबीरवडी केली होती. इराने फोन पुढे करून विचारलं, "आजी, कॅन आय रेकॉर्ड यू?" तू फोनकडे असं पाहिलंस की तिने तो मुकाट्याने खिशात घातला.

तिचं म्हणणं सोपं होतं. हजारो मैलांवरचा माणूस आमचा राजा कशाला? "इंडिया डिड इट. वॉझंट इट, लाइक, फाइन?"

"फाइन होतं," तू मराठीत म्हणालीस. ती इंग्रजीत विचारायची, तू मराठीत सांगायचीस, तुमचं तसंच चालायचं. "पण आमच्याकडे माणसं आधी भांडायला बसली होती. तुम्ही कोण बसणार आहात? सगळ्यांना बोलावणार? ज्यांची ही जमीन आधी होती त्यांना? की घाईघाईत एक खुर्ची आणून ठेवणार?"

मी मधे पडले. मी इतकी वर्षं इथलं नागरिकत्व घेतलं नाही ते त्या शपथेपायीच, हे तुला माहीत होतं. राजाशी आणि त्याच्या वारसांशी निष्ठा! मी म्हटलं, "म्हणजे तुला राजा हवाय? तू? आजोबांची मुलगी?"

"राजा नको गं. मी त्या राणीबाईची शपथ घेतली तेव्हा मला काही वाटलं नाही. तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मला एक खुर्ची हवी आहे जिच्यावर प्रत्यक्षात कुणी बसत नाही. ती रिकामी आहे तोवर मला झोप लागते."

"रिकामी खुर्ची कुणीतरी बळकावतंच, मावशी. सुवाला राणीचीच खुर्ची होती ना? तिने वाचवलं का तुला?"

तू घास हातात धरून थांबलीस. मी हे कधी तुझ्या तोंडावर म्हणाले नव्हते. इरा आळीपाळीने आपल्या दोघींकडे बघत होती. मग तू घास खाल्लास, शांतपणे चावलास आणि म्हणालीस, "हे बरोबर विचारलंस. मला विचार करू दे. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी तुला धाप लागली आणि अॅम्ब्युलन्स आली.

मला ते उत्तर हवं होतं. अजून हवंय. तू काय म्हणाली असतीस याचा मी गाडी चालवताना विचार करते, तुझ्या आवाजात वाक्य रचते, आणि ते अर्ध्यावर तुटतं.

हॉस्पिटलात फुप्फुसात पाणी झालं होतं, हृदय थकलं होतं. ते मला समजत होतं. मला समजत नव्हतं ते हे, की तू मला ओळखेनाशी झालीस आणि सुवाला गेलीस. दार वाजलं की पांघरूण डोक्यावर ओढायचीस. मला म्हणायचीस, "खाली बस. खिडकीतून दिसतेस." आणि मी बसायचे, मावशी. फरशीवर, तुझ्या पलंगाला टेकून. आधी तुझ्या समाधानासाठी बसले. मग मला स्वतःलाच उठवेना. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली की मी डोकं आणखी खाली घ्यायचे. इराने मला तसं बसलेलं पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला विसरता येत नाही. ती मला घाबरली होती.

त्या दुपारी नवी नर्स आली. थोराड बांध्याची, कानामागे खोटं फूल. "बुला, नॅन," ती म्हणाली. फिजीतला नमस्कार. तुझ्यासमोर हा शब्द कुणी उच्चारू नये असं वाटून मी अर्धवट उठले. तिचं नाव लिटिया, मूळची फिजीची. तू पांघरूण खाली केलंस. तिच्याकडे कितीतरी वेळ बघितलंस. मग तिचे दोन्ही हात धरलेस आणि इंग्रजीत विचारलंस, "मेरेसेनी, रेडिओ काय म्हणतोय?"

लिटियाने माझ्याकडे पाहिलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "नथिंग, नॅन. जस्ट द रग्बी."

"कोण जिंकतंय?"

"वी आर," लिटिया म्हणाली.

तू डोळे मिटलेस. हात सोडले नाहीस. ती बिचारी तिचं बाकीचं काम सोडून तशीच बसून राहिली. त्यानंतर तू पांघरूण डोक्यावर घेतलं नाहीस. दोन दिवसांनी, उजाडल्यावर, तू गेलीस. माझ्याऐवजी तुला मेरेसेनी दिसली याचं मला आधी वाईट वाटलं. आता वाटत नाही.

लिटिया तुझ्या अंत्यविधीला आली, हाताने विणलेली चटई घेऊन. त्यांच्यात तशी पद्धत आहे. चहा पिताना तिने विचारलं, मेरेसेनी कोण? मी सांगितलं, रस्त्याचं नाव, शाळेचं नाव, जास्वंदीचं कुंपण. टाळ्यासुद्धा सांगितल्या. तिची एक मावशी सुवाच्या त्याच भागात चर्चला जाते; तिला विचारते, म्हणाली.

शनिवारी सकाळी लिटियाचा फोन आला, आणि मग व्हिडिओवर एक पन्नाशीच्या पुढची बाई दिसली. मागे पत्र्याचं छप्पर, कोंबड्यांचा आवाज. मेरेसेनीची थोरली मुलगी, अना. मेरेसेनी जाऊन बरीच वर्षं झाली. फोन मी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. काय ऐकावं लागेल या भीतीने मी आधी हवापाणी विचारलं. शेवटी तिनेच विषय काढला. लिटियाने टाळ्यांचं सांगितलं होतं.

"मम, माझी आई, खरंच खूश होती," अना म्हणाली. "पहिला आठवडा. मी खोटं सांगणार नाही. तिला वाटलं, आता आपलं राज्य आलं. मग मामा, तिचा भाऊ, युनिफॉर्ममध्ये घरी आला आणि म्हणाला, तुझ्या स्वयंपाकघरात कोण आहे असं लोक विचारतायत. तो हळू आवाजात बोलला. मम त्याच्या हळू आवाजाला घाबरली. त्यानंतर ती जास्त जोरात टाळ्या वाजवायला लागली. खिडकी उघडी ठेवून, रस्त्यावर ऐकू जावं म्हणून. आणि आम्हा मुलांना म्हणायची, वाजवा, हात दुखेपर्यंत वाजवा. रिपब्लिक झालं त्या दिवशी तर मला रडू येत होतं आणि मी वाजवत होते."

मी विचारलं, हे तुझ्या आईने माझ्या मावशीला का सांगितलं नाही?

"मॅडम खाली बसलेल्या," अना म्हणाली. "इतक्या घाबरलेल्या. त्यांना आणखी काय सांगणार?"

कोंबड्या ओरडत होत्या. ती अचानक पुढे झुकली आणि घाईने म्हणाली, "मॅडमना सांग. आम्हीपण घाबरलो होतो, सांग त्यांना." आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की तू नाहीस. तिने तोंडावर हात ठेवला. जरा वेळाने हात काढला आणि म्हणाली, "तरी सांग."

म्हणून सांगते आहे, मावशी. त्यासुद्धा घाबरल्या होत्या.